गीझर इथं, बटण तिथं

"थर्मोस्टॅट हाय त्याला! पाणी तापलं की आपोआप बंद पडतो."

"आणि थर्मोस्टॅट बिघडला तर?"

"तर सेफ्टी व्हॉल्व्ह हाय."

"आणि व्हॉल्व्ह जाम झाला तर?"

"तर मी हाय की!"

"तू कुठं होतीस? तू कोपरगावला होतीस!"

इथं मी अडकले. खोटं मी बोलत नाही, आणि हरायची मला सवय नाही. या दोन्ही गोष्टी एकदम अंगावर आल्या की माणसानं चहा ठेवावा. मी उठून चहा ठेवला.

भांडण माझं आणि माझ्या लेकाचं. सुहास पुण्याला बँकेत असतो. मी इकडं उसाच्या पट्ट्यातल्या बेलापूरला, एकटी, बाहत्तर वर्षांची. पुढं दुकान, मागं घर. दुकान मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं, पण अलीकडं जास्त काम गीझरचं, आणि त्यातही मोबाईलवरून चालू-बंद होणाऱ्या बटणांचं. झालं असं होतं, की त्या आठवड्यात मी सकाळी सहाला गीझर लावला, आंघोळ केली आणि तो तसाच ठेवून कोपरगावला कामाला गेले. संध्याकाळी पाचला येऊन बघते, तर लाल दिवा जळतोय. शेजारची मंदा नेमकी माझ्यामागून घरात शिरली होती. मी दिवा विझवायच्या आत तिनं चुगली पुण्याला पोचवली.

शनिवारी सकाळी लेक दारात हजर. हातात डबा. पेढे असतील म्हणून मी हात पुढं केला, तर आत काय? वायफायचं बटण! सोळा अँपियरचं!

"हे तुझ्या गीझरला बसवायचं, आई. माझ्या मोबाईलवर राहील. तू विसरलीस की मी पुण्यातून बंद करीन."

"मी दुनियेला बसवते. मला न्हाई पायजे."

"का पण?"

"का म्हंजे? माझं पानी मी तापवीन."

"आमच्या घरी बघ. सहाला गीझर, साडेसहाला सगळ्यांच्या आंघोळी आटपलेल्या. रविवार असो, सण असो. सोसायटीतले लोक घड्याळ लावून घेतात आमच्यावर!"

"तुमच्या घरचं बटन बसवलं कुनी? दिवाळीला आले तवा मीच बसवलं ना?"

"म्हणून तर म्हणतोय! तिथं चालतं, मग इथं का नाही?"

आता याला काय सांगणार? या धंद्यातले किस्से गीझरच्या टाकीतल्या क्षारांसारखे असतात. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. वरून टाकी चकचकीत दिसते, आत काय साचलंय ते वर्षानुवर्षं कळत नाही. एक दिवस खालचा नट काढला की पाटीभर पांढरी खडी बाहेर येते. सुहासनं त्या सकाळी माझा नट काढला. मग मी एकेक खडा त्याच्यापुढं टाकला. तुम्हीही ऐका.

*

आधी माझं शिक्षण सांगते, म्हणजे मध्येच कुणी विचारायला नको.

माझे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. मी त्यांचा डबा घेऊन जायची. अक्षर ओळखायच्या आधी मी प्रेशरचा काटा ओळखायला शिकले. वडील म्हणायचे, "इंदे, आग कुनाची चाकर न्हाई. काट्याजवळ मानूस पायजे." शाळा चौथीपर्यंत. इंग्रजीतला पहिला शब्द मी वाचला तो 'डेंजर', आणि तो पुस्तकात नव्हता, खांबावर होता.

नवरा गेला तेव्हा दुकानात दोन मोटारी उघड्या पडल्या होत्या. गिऱ्हाइकं घ्यायला आली. मी म्हटलं, दोन दिवसांनी या. नवऱ्याला करताना बघितलं होतं तेवढंच भांडवल. तार गुंडाळली, जोडली, चालू केली. गिऱ्हाईक बघतच राहिलं.

"आक्का, मोटार उलटी फिरतीया!"

मी म्हटलं, "फिरतीया न्हवं? मग निम्मं काम झालं!"

सुहासला हा किस्सा तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी त्यानं त्यातलं भलतंच उचललं.

"आजोबा काय म्हणायचे? काट्याजवळ माणूस पाहिजे. परवा होता का माणूस?"

बघा! आजोबाचा काटा आणून आईला टोचला! माझंच रक्त. मी चहात साखर जास्त टाकली आणि पुढचा किस्सा काढला.

*

आमच्या गावात एक निवृत्त हेडमास्तर आहेत. सगळे गुरुजी म्हणतात. त्यांच्या मुंबईच्या जावयानं घरपोच कुठलासा वायफाय प्लग पाठवला आणि तो बसवायला मला निरोप आला. मी शिडी खांद्यावर टाकून गेले.

गुरुजी माझ्या मागं बघायला लागले. "मिस्त्री कुठंय?"

"ह्यो काय तुमच्या म्होरं."

"तसं नव्हे. शिडीवर कोण चढणार?"

"शिडी तुमी धरा, मी चढते!"

गुरुजींनी शिडी धरली. आता मी काय सांगते ते रागानं नाही सांगत, मजेनं सांगते. त्याच घराच्या अंगणात माझ्या आईच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. आज त्या घराच्या न्हाणीत गरम पाणी माझ्या हातून येतं, आणि शिडी कोण धरतं ते सांगितलंच. शिडीवरून गाव फार छान दिसतं हो!

मी प्लग उलटा करून बघितला. सहा अँपियरचा! गीझर दोन हजार वॅटचा.

"गुरुजी, हे मोबाईल चार्ज करायला ठीक हाय. गीझरला लावलं तर आंगूळ राहील बाजूला, आदी धुरी मिळंल."

"पण जावई इंजिनियर आहेत!"

"असू द्या की. जावयाला लावा, गीझरला नगा लावू."

गुरुजींनी ऐकलं नाही. मी शिडी उचलून निघून आले. चौथ्या दिवशी त्यांची थोरली सून धावत दुकानात आली. प्लग वितळून भिंतीला चिकटला होता, पापडासारखा. मी सोळा अँपियरचं बटण बसवलं, जुनी वायर काढून जाड वायर ओढली, अर्थिंग तपासलं. गुरुजी यावेळी आपणहून शिडी धरून उभे होते. मी खाली उतरले तेव्हा ते हळूच म्हणाले, "इंदूबाई, जावयाला यातलं सांगू नका."

मी कशाला सांगू? जावई ज्याचा त्यानं सांभाळावा. मी फक्त गावाला सांगितलं.

*

एक दिवस एक ऊसतोडीचा मुकादम दुकानात आला. "जयभीम आक्का!" माणूस पाथर्डीकडचा. टोळी घेऊन कोपरगावच्या बाजूला उतरलेला. गावाकडं नवं घर बांधलेलं, घरात म्हातारे आई-बाप. चार-पाच महिने याचं तोंड दिसायचं नाही त्यांना.

"आक्का, असं करा, मी इथून उसाच्या फडातून बटन दाबीन आन् तिथं माज्या आईचं पानी तापंल. थंडीत लई हाल होत्यात तिचं."

मला भरून आलं. एसटी बदलत बदलत पाथर्डी गाठली. गीझर टांगला, बटण जोडलं, मोबाईलचं सिम टाकून वायफायचं डबडं बसवलं. पण नळाला पाणी नाही, टँकर दोन दिवसांनी येणार. मी मुकादमाला फोनवर बजावलं, "टाकीत पानी चढू दे, नळातून धार पडू दे, मगच बटनाला हात लाव. मोकळा गीझर चालू केलास तर कॉइल जळंल." तो म्हणाला, "व्हय आक्का."

मी परतीच्या एसटीत बसले. पाठ टेकते न टेकते तोच मुकादमाचा फोन! इकडं फडात वीस माणसं कोयते टेकवून गोल उभी, मध्ये मुकादम मोबाईल उंच धरून: "हे बघा गड्यांनो! दाबलं! पाथर्डीत पानी तापलं!" टाळ्या झाल्या म्हणे!

तिकडं कोरड्या गीझरात कॉइल जळून खाक.

तो बिचारा ओशाळून आईला फोन करायला लागला. म्हातारी फोनमध्ये ओरडूनच बोलते, त्यामुळं तिचं उत्तर साऱ्या फडानं ऐकलं.

"लेका, तिथून बटन काय दाबतूस? तिथून पानी पाठीव! तापवायचं मी बगते!"

मी पुन्हा गेले, कॉइल बदलली. या वेळी टँकर येऊन टाकी भरेपर्यंत ओट्यावर बसून राहिले. म्हातारीनं ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला. गीझरकडं बघून मला म्हणाली, "बाई, पोराला बटन असूं दे. त्याला बरं वाटतंय. मी आपली चुलीवर तापवते."

सुहास यावर हसला, पण लगेच म्हणाला, "बघ, तिनं पण ठेवलं ना बटण?"

हा बँकेत कसला बसतो, कोर्टात बसायला हवा होता.

*

कोपरगावकडं गोदावरीच्या काठाला, उसातल्या एका वस्तीवर तात्या म्हणून शेतकरी आहेत. त्यांच्याकडं वायफाय नाही, मोठा मोबाईल नाही, बटणांचा फोन. पण विहिरीवरची मोटार ते बरीच वर्षं फोनवरून चालवतात. मोटारीच्या डब्यात सिम असतं, फोन लावला की मोटार सुरू. तात्या म्हणाले, "आक्का, मोटारीला फोन करतो तसा गीझरला करायचा. काय अवघड हाय त्यात?"

अवघड काहीच नाही. मी सिमवालं बटण आणून बसवलं. त्यात एक सोय असते. आपण ठरवलेल्या नंबरांवरून आलेला फोनच घ्यायचा, बाकीचे नाही. मी विचारलं, कुणाकुणाचे नंबर टाकू? तात्या उदार! "समद्यांना करू द्या की. घरात आठ मानसं, पावनेरावळे येत्यात. कशाला कुनाला अडवायचं?"

बरं म्हटलं. कुणालाच अडवलं नाही.

आठ दिवसांनी तात्या घाबरे. "आक्का, गीझर आपल्या मनानं चालू हुतोय. दुपारी दोनला पानी कढत! कुनीबी हात लावला न्हाई, सारी मानसं रानात!"

मी वस्तीवर गेले. सगळं तपासलं, दोष कुठंच नाही. शेवटी सिम काढून माझ्या फोनमध्ये घातलं आणि ओट्यावर बसले. अर्ध्या तासात फोन वाजला. पलीकडून मुलगी गोड आवाजात, "नमस्कार सर, आपल्यासाठी क्रेडिट कार्डची खास ऑफर आहे." थोड्या वेळानं दुसरा, विम्याचा. मग तिसरा, प्लॉटचा. या देशात ज्याला ज्याला काही विकायचं होतं, तो तो तात्यांच्या गीझरला फोन करत होता आणि गीझर इमानानं पाणी तापवत होता!

तात्यांची बायको कमरेवर हात ठेवून हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "आक्का, लगीन हून चाळीस वर्सं झाली. मला कुनाचा फोन येत न्हाई. त्या गीझरला दिसातनं सात येत्यात!"

*

हा किस्सा माझ्या चुकीचा आहे, तोही सांगते. चूक लपवणारा मिस्त्री आणि उघडी वायर, दोन्हीपासून लांब राहावं.

आधी बटण बसवायची रीत सांगते. बटण ज्या मोबाईलला पहिल्यांदा जोडाल, तो मोबाईल त्या बटणाचा मालक. मालकानं परवानगी दिली की बाकीच्यांच्या मोबाईलवरही ते दिसतं, पण ते सगळे भाडेकरू. भाडेकरूला पाणी तापवता येतं, मालकाला हाकलता येत नाही. मी तपासायला म्हणून आधी माझ्याच मोबाईलला जोडते, मग गिऱ्हाइकाच्या नावावर करून देते आणि माझं नाव पुसते.

कोपरगावात एका जोडप्याकडं मी बटण बसवलं. एसटीची घाई होती. त्यांना परवानगी दिली, पाणी तापलं, ती दोघं खूश. माझं नाव पुसायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाईल उघडला तर त्यात 'गीझर एक' चालू! आता माझ्या दुकानात तपासायला एक गीझर कायम लावलेला असतो, त्याचंही नाव 'गीझर एक'. मला वाटलं, तोच चालू राहिला. मी बंद केला. पाच मिनिटांनी पुन्हा चालू! म्हटलं, बटण खराब दिसतंय. पुन्हा बंद केला. असं तीन दिवस. मी रोज सकाळी अंथरुणातूनच बंद करायची आणि दुकानात गेल्यावर त्या गरीब गीझरला शिव्या घालायची.

चौथ्या दिवशी कोपरगावच्या वहिनींचा फोन. "आक्का, आमच्या गीझरला कायतरी बाधा झालीय. हे चालू करतात आणि तो आपोआप बंद होतो. पुन्हा चालू केला की पुन्हा बंद. तीन दिवस यांनी गार पाण्यानं आंघोळ केली, आता शिंका थांबत नाहीत."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! पण फोनवर सांगवेना. तशीच गेले. न्हाणीत बघते तर गीझरला लिंबू-मिरच्या बांधलेल्या, खाली हळदी-कुंकू वाहिलेलं, आणि नवरा टॉवेल गुंडाळून हात जोडून उभा.

मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "लिंबू काढा वैनी. भूत मीच हाय!"

तेव्हापासून नियम केला. गिऱ्हाइकाचं घर सोडायच्या आधी, त्याच्या डोळ्यांदेखत, मालकी त्याच्या नावावर आणि माझं नाव पुसून. एकाही गिऱ्हाइकाच्या बाबतीत हा नियम मी मोडलेला नाही.

*

गुरुजींचं उरलंच होतं.

सोळा अँपियरचं बटण बसलं आणि गुरुजी त्याचे मालक झाले. ज्या माणसानं आयुष्यभर घंटा वाजवून मुलांना आत-बाहेर केलं, त्याच्या हातात असं बटण पडल्यावर काय होणार? ते ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे, एका हातात घड्याळ, एका हातात मोबाईल. प्रत्येकी दहा मिनिटं. दहा मिनिटं झाली की गीझर बंद!

बरं, त्या मोबाईलात सगळी नोंद राहते. कोणत्या वारी किती वाजता चालू झालं, किती वाजता बंद झालं, मागचा अख्खा महिना दिसतो. गुरुजी रात्रीच्या पंगतीला चष्मा लावून ती वाचून दाखवायचे. "मंगळवार. थोरली सून. केस धुण्याच्या नावाखाली बावीस मिनिटं." पंगतीत! लेकांपुढं, नातवंडांपुढं!

थोरली माझ्याकडं आली. रडत नव्हती. दात आवळलेले होते. मला अशा बाया आवडतात.

"आक्का, हे बटण फक्त गीझरलाच बसतं का?"

"कशालाबी बसतं की."

"टीव्हीला?"

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी फळीवरून बटण काढलं. गुरुजी बाजारात गेले होते तेवढ्यात बसवून दिलं. मालक थोरली.

संध्याकाळी सातला गुरुजी बातम्यांना बसले. निवडणुकीचे दिवस, रंगात आलेली चर्चा. दहा मिनिटं झाली आणि टीव्ही ठप्प! गुरुजींनी रिमोट आपटला. पाच मिनिटांनी टीव्ही सुरू, पुन्हा दहा मिनिटांनी बंद. गुरुजी उठून वायर हलवायला लागले, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून थोरलीनं पदराला हात पुसत, अगदी अदबीनं आवाज दिला.

"तुमची दहा मिनिटं झाली, मामा!"

*

सुहास हसून हसून आडवा झाला. पोहे संपले होते, दुसरा चहा झाला होता. मला वाटलं, जिंकले. पण लेकानं तोंड पुसलं आणि तो डबा पुन्हा माझ्यापुढं सरकवला.

"आई, मी गुरुजी नाही. मी घड्याळ लावून बसणार नाही. मला फक्त रोज सकाळी मोबाईलवर दिसेल की तुझा गीझर लागला. म्हणजे तू उठलीस. म्हणजे तू ठीक आहेस. एवढंच हवंय मला."

हे त्यानं फार हळू आवाजात सांगितलं. मी बटण हातात घेऊन उलटंसुलटं केलं. मेल्यानं चांगलंच आणलं होतं. एकही खोड निघेना.

"आन् न्हाई दिसलं तर?"

"तर फोन करीन."

"उचलला न्हाई तर?"

"मंदाकाकूंना पाठवीन."

"आन् मी नुसतीच उशिरा उठले आसंल तर? आसं दोन-चारदा झालं तर?"

तो भिंतीकडं बघायला लागला. त्या भिंतीपलीकडं माझं दुकान आहे.

"तर मग तू पुण्याला चल. आई, किती दिवस शिड्या चढणार आहेस? दुकान बंद करू. आमच्याकडं राहा."

आलं बाहेर! गीझरच्या पोटात हे होतं! दुकानाला कुलूप, शिडी भंगारात आणि मी पुण्यात सातव्या मजल्यावर खिडकीत बसून कबुतरं मोजायची. मी त्याला सांगितलं, की त्या दिवशी मी गीझर विसरले, ही चूक माझी. टायमरवालं बटण मी उद्या माझ्या हातानं बसवीन, पंधरा मिनिटांत आपोआप बंद होईल आणि ते माझ्याच मोबाईलवर राहील. पण माझ्या उठण्या-बसण्याची हजेरी दुसऱ्या गावात लागणार नाही.

"हजेरी नाही गं, काळजी आहे ती!"

"काळजी आसंल तर फोन करून इचार. चोरून काय बगायचं?"

"चोरून कुठं? सांगून बघतोय!"

"आन् तुज्यावर कुनी आसं लांबून ध्यान ठेवलं म्हंजे? चालंल तुला?"

"माझ्यावर? खुशाल ठेवावं!" तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "माझ्याकडं लपवण्यासारखं आहे काय? सहाला गीझर, साडेसहाला आंघोळ. वर्षभराचं काढून बघ म्हणावं कुणालाही!"

मी चष्मा लावला. पदराला मोबाईल पुसला, उघडला, बोटानं दोनदा खाली सरकवलं. तो अजून छातीवर हात ठेवूनच होता.

मी म्हटलं, "सुहास, गेल्या रविवारी तुमच्या घरात कुनीच आंगूळ केली न्हाई."